पाचवा गडी

मामांचं माणसांबद्दल फारसं बरं मत कधीच नव्हतं. एकतीस वर्षं दारोदार फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलेल्या माणसाचं मत बरं राहील तरी कसं? सगळं शहर त्यांनी जिन्याखालून पाहिलेलं. वर दिवाणखान्यात झुंबर आणि खाली मीटरच्या पेटीपुढे मोडका पाळणा, फुटक्या बादल्या, तीन पायांची खुर्ची. "जरा सरकवता का?" म्हटलं की घरातली बाई कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "आत्ताच यायचं होतं का तुम्हाला?" जसं काही मामा हौसेने गप्पा मारायला आले होते. नीतिमत्तेवर भाषणं देत फिरणाऱ्या एका प्राध्यापकांच्या घरी मीटरला मुठीएवढं लोहचुंबक चिकटवलेलं मामांनी स्वतःच्या हाताने उपटून काढलं होतं. "मुलांचा काहीतरी प्रयोग चालू आहे," प्राध्यापक म्हणाले. प्राध्यापकांना मूलबाळ नव्हतं.

मामा अंगाने काटकुळे, चालीला भरभर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टॉर्च आणि काठीच्या टोकाला बांधलेला छोटा आरसा, उंचावरचं मीटर खालून वाचायला. त्यांना मामा म्हणायची ती खरं तर एकटी भाची. ती शिकायला म्हणून आठ वर्षं त्यांच्याकडे राहिली आणि तिचं ऐकून सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायला लागली, त्यांच्याहून वडीलधारी माणसंसुद्धा. मामी म्हणायच्या, "लग्न केलं तेव्हा नवरा होता, आता गावाचा मामा झालाय."

मग नवी मीटरं आली. ती आपलं रीडिंग आपणच वर कळवायची. त्यांना जिना चढावा लागत नव्हता आणि कुणाच्या कपाळावरच्या आठ्या बघाव्या लागत नव्हत्या. मामांना मुदतीआधीच घरी बसवण्यात आलं. घरी बसल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते आकाराप्रमाणे लावले. तिसऱ्या आठवड्यात मामींनी भाचीला फोन केला.

"ह्यांना कुठेतरी गुंतव बाई. नाहीतर मलाच कुठेतरी ने."

भाची तेव्हा एका कंपनीत होती. मोठमोठ्या ऑफिसांतल्या लोकांना खेळ खेळायला लावायचे, हा त्या कंपनीचा धंदा. मामांना हे समजावून घ्यायला दोन कप चहा लागला.

"म्हणजे नेमकं करतेस काय तू?"

"लोकांना एकत्र आणते, मामा. टीम बिल्डिंग म्हणतात त्याला."

"एकाच ऑफिसात शेजारीशेजारी बसतात ना ती? अजून किती एकत्र आणायची?"

"शेजारी बसतात म्हणूनच आणावी लागतात," भाची म्हणाली. ती हुशार होती, हे मामा मान्य करायचे. म्हणून तर ती असल्या कामात फुकट जाते याचा त्यांना जास्त राग.

खेळाचं नाव शहरशोध. पाच-पाच जणांच्या टोळ्या करायच्या, प्रत्येक टोळीला कोड्यांचा कागद द्यायचा. कोडं सोडवून शहरातली ती जागा शोधायची, तिथे सांगितलेली करामत करायची, पाचही जण दिसतील असा फोटो काढून पाठवायचा आणि पुढच्या जागेकडे पळायचं. जी टोळी शेवटी ठरलेल्या सभागृहात आधी पोचेल ती जिंकली. भाचीला गल्लीबोळ माहीत असलेला, कोडी रचून देणारा माणूस हवा होता.

मामांनी आठ दिवस खपून बारा कोडी रचली. जुन्या छापखान्याच्या इमारतीत सगळा जिना दगडी, पण एकच पायरी लाकडी: ती कितवी आणि का? (यंत्र वर चढवताना दोर तुटला आणि दगडाचे दोन तुकडे झाले, हे तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे, छपाईचे खिळे जुळवणारे जुळारी अजून सांगतात.) कापडबाजारामागच्या एका बोळात समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला उलट पावली मागे जावंच लागतं: मागे कुणी जायचं ते कसं ठरतं? फक्त बटणं विकणारं दुकान कुठलं, आणि त्या दुकानदाराच्या स्वतःच्या कोटाला एक बटण का नाही? असली ती कोडी. उत्तर हवं तर कुणाशी तरी बोलावं लागायचं.

भाचीने कागद दोनदा वाचला. "फार सुंदर आहेत, मामा. पण लोकांना विचार करावा लागेल."

"मग?"

"शनिवारी कोण विचार करतं?"

मग कोड्यांची छाटणी सुरू झाली. लाकडी पायरीचं कारण गेलं, नंतर पायरीचा आकडा गेला. शेवटी उरलं ते असं: 'छापखान्याच्या जिन्यात जा आणि पाचही जण एका पायरीवर उभे राहून दाखवा.' बटणवाल्याचं झालं: 'बटणांच्या दुकानापुढे उडी मारतानाचा फोटो काढा.' मामांनी कागद भाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, "यापेक्षा त्यांना सरळ पत्ता देऊन टाक. आणि सोबत त्यांची आई पाठव."

तरीही ते दर शनिवारी जात राहिले. पायांना चालायची सवय होती, आणि नावं ठेवायला काहीतरी ताजं मिळायचं.

चाळिशीतली, पोटं सुटलेली माणसं भर रस्त्यात आडवी पडून अंगाने अक्षरं काढायची. 'एकता' हा शब्द पुरा व्हायला चार गडी पुरायचे, पाचवा फोटो काढायचा, मग भांडण व्हायचं की फोटोत पाचवा नाही. पहिल्या वेळी हे पाहून समोरचा गिरणीवाला पिठाच्या हातांनी धावत बाहेर आला होता. "मामा, ॲम्ब्युलन्स बोलवू का?" बटणवाल्याच्या दुकानात एका टोळीचा धक्का लागून बरणी उलटली, चारशे-पाचशे बटणं फरशीवर पांगली आणि टोळी "सॉरी सॉरी" करत पुढच्या जागेकडे पळाली. वाकून बटणं वेचत बसले दुकानदार आणि मामा. दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली: 'खेळणाऱ्यांनी बाहेरूनच खेळावे.'

"वर्षभर एकमेकांच्या पायात पाय घालायचे," मामा मामींना सांगायचे, "आणि एका शनिवारी हातात हात घालायचे. वर त्याचा फोटो."

"तुम्हाला कुणी हात धरायला बोलवत नाहीत ना, झालं तर मग," मामी म्हणायच्या.

असं वर्षभर चाललं. मग लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा शनिवार आला.

दोनशे माणसं, चाळीस टोळ्या, प्रत्येक टोळीला वेगळ्या रंगाचे टी-शर्ट, छातीवर 'आपण सारे एक'. टी-शर्ट सगळे एकाच मापाचे; त्यामुळे कुणी पोत्यात घातल्यासारखं दिसत होतं, कुणी पोतं भरल्यासारखं. मामांना भाचीने नारिंगी जाकीट घालायला लावलं होतं. पाठीवर ठळक अक्षरांत 'मार्गदर्शक'. सगळ्या टोळ्या पुढे गेल्या की मागून जाऊन ठिकठिकाणचे कागद काढून घ्यायचे आणि कुणी हरवलं-बिरवलं नाही ना ते बघायचं, एवढंच त्यांचं मार्गदर्शन.

पिवळ्या टोळीचा म्होरक्या विक्री विभागातला होता. त्याला सगळे कप्तान म्हणत होते. गळ्यात शिट्टी, ती घरून आणलेली. त्याच्यासोबत विक्रीतलीच दोन पोरं आणि नकाशे काढणारी एक मुलगी. पाचव्या माणसाची चिठ्ठी निघाली आणि चौघांचे चेहरे पडले. ते मामांनी समोर उभं राहून पाहिलं. पाचवा माणूस होता आवक-जावक. ऑफिसात येणारं-जाणारं प्रत्येक पत्र वहीत चढवणारा कारकून. टेबलावरच्या पाटीवरून त्याचं नाव पडलं ते पडलं. पंचावन्न-छप्पन्न वय, बारीक अंग, चालताना उजवा पाय जरा घासत टाकायचा.

"काका, पळता येईल ना?" कप्तानने विचारलं.

"हो हो," आवक-जावक म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे, मी आहेच मागे."

शिट्टी वाजली आणि दोनशे माणसं ओरडत पळत सुटली.

मामा दीड तासाने छापखान्याच्या इमारतीत पोचले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जुन्या मीटरच्या पेटीखाली, पायरीवर एक माणूस बनियन आणि पँटमध्ये बसला होता. बनियनवर गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी. ओळखपत्र त्याने नीट सरळ करून छातीच्या मधोमध ठेवलं होतं.

मामा थांबले. "इथे काय करताय?"

"बसलोय."

"ते दिसतंय. शर्ट कुठेय?"

"दिला."

"कुणाला?"

"टीमला," आवक-जावक म्हणाला आणि हसला. ते हसू मामांच्या डोक्यात गेलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. इथवर येताना त्याच्या गुडघ्याने दगा दिला होता. चौघांनी आधी चुळबुळ केली, मग घड्याळ पाहिलं. फोटोत पाच जण लागतातच. तेवढ्यात खालून एक हमाल रिकाम्या हाताने चालला होता, त्याला कप्तानने हाक मारली. मग कप्तान आवक-जावकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, टीमसाठी एवढं कराल ना?" आणि आवक-जावकने टी-शर्ट डोक्यावरून काढून दिला.

"तुमचा स्वतःचा सदरा?"

"तो बसमध्ये आहे. पिशवीत. बस सभागृहापाशी."

"आणि तुम्ही बनियनवर असे किती वेळ?"

"तास झाला असेल. लाल टोळीने फोटो काढला माझ्यासोबत. चांगली पोरं आहेत." मग जरा पुढे वाकून त्याने विचारलं, "आपली पिवळी टीम कितवी आहे, काही कळलं का?"

मामांना वाटलं, याला इथेच बसू द्यावं. ज्याला कपडे उतरवून दिल्यावरही 'आपली' म्हणवतं, त्याला कुणी काय मार्गदर्शन करायचं? पण जिन्यात वारा होता, आणि त्या माणसाच्या दंडावर काटा उभा राहिला होता. मामांनी स्वतःचं नारिंगी जाकीट काढलं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

"घाला. आणि उठा."

सभागृह एरवी दहा मिनिटांच्या अंतरावर. त्या दिवशी पाऊण तास लागला. पुढे 'मार्गदर्शक' लिहिलेला माणूस पाय घासत, आणि त्याच्या कोपराला धरून मामा. वाटेत आवक-जावक आपल्या कामाबद्दल बोलत राहिला. एकोणतीस वर्षांत एकही पत्र नोंदीवाचून राहिलं नाही म्हणाला. आता पत्रं येतातच कुठे, तरी वही आहे. कुणी नुसतं पाकीट टेबलावर ठेवून निघालं तर तो उठून मागे जाऊन नाव विचारतो. हे सांगताना मात्र तो हसला नाही. पाठ जरा ताठ झाली.

"मग शर्ट देताना पोच घेतलीत का?" मामांनी विचारलं.

आवक-जावकने जाकीट छातीवर ओढून घेतलं.

सभागृहात जेवणं आटोपली होती. पडद्यावर फोटो झळकत होते आणि कंपनीचे मोठे साहेब माईक हातात घेऊन उभे होते. पिवळी टोळी पहिली आली होती, शिवाय उत्तम संघभावनेचं बक्षीसही तिलाच. चौघे व्यासपीठावर चढले. कप्तानने शिट्टी वाजवली. पडद्यावर त्यांचे फोटो आले: बोळात, गिरणीपुढे, बटणांच्या दुकानासमोर उडी मारताना. प्रत्येक फोटोत पाच पिवळे टी-शर्ट. पाचव्यात पैलवान होता. धान्यबाजारातला हमाल, मामा त्याला वीस वर्षं ओळखत होते. टी-शर्ट त्याच्या पोटावर ताणून बसला होता आणि 'आपण सारे' एवढंच दिसत होतं, 'एक' दुमडून आत गेलं होतं. पैलवानाला दारातूनच निरोप दिलेला. शर्ट ठेवून घे म्हणाले होते.

मामा मागच्या रांगेतून उठले.

"साहेब, त्या फोटोतला पाचवा माणूस तुमच्या ऑफिसचा नाही."

भाचीने दुरूनच मान हलवून 'नको' केलं.

"तो बाजारातला हमाल आहे. तुमचा माणूस हा. गुडघा दुखावला म्हणून याला छापखान्याच्या जिन्यात बनियनवर बसवून, याचा शर्ट त्याला घालून हे चौघे पुढे गेले. संघभावनेचं बक्षीस द्यायचं तर पैलवानाला द्या. तो निदान हाक मारल्यावर आला."

मग कुठूनतरी एक हसू फुटलं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळं सभागृह खदखदून हसायला लागलं. मोठे साहेबही हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "अरे, ही तर कमाल आहे! अडचण आली, माणूस नव्हता, तर माणूस उभा केला! हीच कल्पकता मला सेल्समध्ये हवी आहे!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी आवक-जावकला वर बोलावलं. तो नारिंगी जाकिटात, कठड्याला धरत धरत चढला.

"काका, खरं सांगा, कुणाची आयडिया ही?"

आवक-जावकने कप्तानकडे पाहिलं. कप्तान हसत होता, फक्त डोळे तेवढे हसत नव्हते.

"माझीच, साहेब," आवक-जावक माईकमध्ये म्हणाला. "म्हटलं, टीमचं नुकसान नको."

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

भाची मामांना बाहेर घेऊन आली. "का रे मामा? काय मिळालं तुला?"

मामांनी खिशातून छापखान्याच्या जिन्यातला कागद काढून तिच्या हातात ठेवला. "हा शेवटचा. बाकीचे पिशवीत आहेत, ते घे. पुढच्या शनिवारपासून दुसरा गाढव बघ."

घरी ते चालत गेले. रस्ताभर आवक-जावकला शिव्या देत होते. कप्तानला नाही, साहेबाला नाही. असल्यांकडून त्यांनी कधी काही अपेक्षाच ठेवली नव्हती. पण ज्याच्यासाठी आपण भर सभेत उभे राहिलो त्याने माईक हातात येताच आपल्यालाच तोंडघशी पाडावं? असं कसं हे मिंधं हाड?

आणि मग कापडबाजारापाशी त्यांना स्वतःचा निरोपसमारंभ आठवला. खात्याने बाविसाव्या मजल्यावर ठेवलेला. त्यांना माईक दिला होता, हातात छापील कागद दिला होता, आणि त्यांनी तो अडखळत, चष्मा सावरत शेवटपर्यंत वाचला होता: नवी मीटरं अचूक आहेत, नवी मीटरं प्रामाणिक आहेत, माणसाच्या हातून चुका व्हायच्या त्या आता होणार नाहीत. टाळ्या पडल्या तेव्हा ते वाकले होते. घरी आल्यावर मामींनी विचारलं, "कसं झालं भाषण?" तर म्हणाले होते, "चांगलं झालं."

मामा बाजाराच्या मधोमध थांबले. मग "हॅट!" म्हणाले आणि पुढे चालायला लागले. ते कुणाला म्हणाले ते बाजूच्या फळवाल्याला कळलं नाही.

लाल टोळीने काढलेला तो फोटो दोन-तीन दिवसांत सगळीकडे फिरला. आधी लोक हसले. मग कुणीतरी खाली लिहिलं, 'लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीने जिन्यात बसवलेला माणूस', आणि वारं फिरलं. वरच्या ऑफिसातून फोन आले. शनिवारी डोळे पुसत हसणारे साहेब बुधवारी गंभीर झाले. चौकशी लागली. आणि चौकशीत पहिलाच प्रश्न निघाला: ही कल्पना कुणाची? त्याचं उत्तर दोनशे जणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. आवक-जावक उभा होता. एका हातात धुऊन इस्त्री केलेलं नारिंगी जाकीट, दुसऱ्या हातात काठी. मामांनी त्याला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. मामींनीच खुर्ची पुढे केली.

"मला ताकीद येणार आहे," तो म्हणाला. "कंपनीची बदनामी केली म्हणून. निवृत्तीला दोन वर्षं राहिली हो. तुम्ही साक्षीला होता. तेवढं लिहून द्याल का, की आयडिया माझी नव्हती?"

"मी तर उभ्याउभ्या सांगितलं होतं. तुम्हीच ते माझ्या तोंडावर पुसून टाकलंत."

"चुकलं माझं."

"बरं. लिहितो. कप्तानने शर्ट मागितला असं—"

"त्यांचं नाव नको," आवक-जावक घाईघाईने म्हणाला. "त्यांच्या हाताखाली काढायचीत ना दोन वर्षं."

मामांनी पेन खाली ठेवलं. "मग लिहू काय? शर्ट वाऱ्याने उडाला?"

"तसं काही बसवता आलं तर..."

स्वयंपाकघरात मामींना हसू आवरेना. भांडं घासायचा आवाज उगाचच वाढला. मामांनी या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. गांडूळ सुद्धा पाय पडला की वळवळतं, हा ते देखील करत नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि रीडिंग लिहावं तसं लिहिलं: वार, वेळ, इमारत, मजला. बनियनवर बसलेला माणूस. त्याने सांगितलेलं सगळं, त्याच्याच शब्दांत, कप्तानच्या हुद्द्यासह. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. खाली सही.

"द्यायचं की नाही, तुमचं तुम्ही बघा."

आवक-जावकने कागद चौघडी करून खिशात घातला, चहा अर्धा प्यायला आणि गेला. त्याने तो दिला नाही. ताकीदपत्र निघालं. भाचीने ते ऐकलं आणि राग विसरून मुद्दाम सांगायला आली. ते पत्र निघताना त्याने स्वतः जावकच्या वहीत चढवलं होतं, आणि मग आपल्याच नावाने सही करून घेतलं होतं.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच मजकूर पुन्हा लिहिला, पाकिटात घातला आणि लिफ्टच्या कंपनीत गेले. आवक-जावकचं टेबल दारातच होतं: पाठीमागे झेरॉक्स यंत्र, पुढ्यात दोन लठ्ठ वह्या, शिक्का, शाईचं पॅड. मामांना बघून तो अर्धवट उठला.

"टपाल आहे," मामा म्हणाले. "मोठ्या साहेबांच्या नावे. आणि ही दुसरी प्रत, हिच्यावर पोच द्या."

आवक-जावकने पाकीट ओळखलं. आवाज खाली आणून म्हणाला, "राहू द्या ना. मिटलंय आता."

"पत्र घेणं तुमचं काम आहे की नाही?"

"आहे."

"एकोणतीस वर्षांत एकही नोंदीवाचून राहिलेलं नाही म्हणालात. मग हे ठेवता का नोंदीवाचून? तसं सांगा. मी परत नेतो."

आवक-जावकने वहीकडे पाहिलं. काचेपलीकडे कप्तान फोनवर बोलत फेऱ्या घालत होता. एकदा त्याने इकडे पाहिलंही. मामा टेबलाला टेकून उभे राहिले, हलले नाहीत. मग त्या माणसाने पट्टी घेतली, वहीत ओळ आखली आणि गोटीबंद अक्षरात आवक क्रमांक घातला. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, ते माहीत असूनही. विषय: 'शनिवारच्या घटनेबाबत'. शिक्का दोन्ही प्रतींवर सरळ, जराही न हलता उमटला.

एकदा वहीत क्रमांक पडला की पत्र गिळून टाकता येत नाही. साहेबांना उत्तर द्यावं लागलं, चौघांना बोलवावं लागलं. नकाशे काढणाऱ्या मुलीने पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगून टाकलं. तिला म्हणे तेव्हापासून झोप येत नव्हती. "शनिवारी छान उडी मारताना दिसली होती," मामा म्हणाले. ताकीदपत्र मागे घेतलं गेलं. कप्तानची बदली झाली, दुसऱ्या शहरात, मोठ्या ऑफिसात, वरच्या जागेवर. तिथे त्याने महिन्याभरात शहरशोध ठेवला असं भाचीच्या कानावर आलं.

भाचीच्या कंपनीने नियमांत एकाची भर घातली: खेळ चालू असताना टी-शर्ट अंगावरून उतरवू नये. ती हे मोठ्या उत्साहाने सांगत आली.

"चांगलं केलं," मामा म्हणाले. "पँटचा नियम कधी करताय?"

कामावर परत ये, असं तिने तीनदा सांगितलं. ते गेले नाहीत. नवी मीटरं लोकांना भलतीच बिलं पाठवायला लागली होती, आणि गल्लीतलं कुणी ना कुणी बिल घेऊन दारात उभं असायचं. मामा टॉर्च घेऊन जायचे, मीटरपुढची अडगळ आधी घरमालकाला उचलायला लावायचे, ती उचलून होईपर्यंत तोंड चालू ठेवायचे, आणि मग तक्रारअर्ज लिहून द्यायचे. लोक पाठीमागे म्हणायचे, मामांची जीभ फार वाईट. तरी यायचेच.

आवक-जावकशी त्यांची मैत्री काही झाली नाही. मामांना तो शेवटपर्यंत आवडला नाही. कधी बाजारात समोर आला तर काठी काखेत धरून दोन्ही हात जोडायचा, आणि मामा "असू दे, असू दे, पाठ सरळ ठेवा आधी" असं म्हणून पुढे निघायचे.